त्या पोरींच्या बापाचं काय झालं?

बाळाराम, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तू गेल्यापासून मी वाचनालयातली अमेरिकेवरची तिन्ही पुस्तकं पुन्हा चाळली, इंग्रजी ज्ञानकोशाचा जाडजूड खंड उलटापालटा केला, ठाण्याच्या एका प्राध्यापकांना कार्डही टाकलं. त्या दहा-बारा वर्षांत तिकडच्या पोरींनी केस कसे कापले, घागरे कुठवर आखूड झाले, कोणकोणत्या नोकऱ्या धरल्या, हे सगळं मिळतं. त्यांच्या बापांचं काय झालं, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. माझी आजवरची सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, आणि पुस्तकात काय नसतं ते मला पॉवरलूम दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरने दाखवून दिलं.

वाचनालयाच्या मंडळाने माझ्याकडे तुझ्यावर चार ओळी मागितल्या होत्या, फळ्यावर लावायला. जन्मगाव वडपे, व्यवसाय लूम दुरुस्ती, भजनाची आवड. त्या मी तेव्हाच लिहून दिल्या. हे फळ्यासाठी नाही.

तू माझ्या आयुष्यात आलास तोच पेंटरच्या कृपेने. वाचनालयातल्या माझ्या व्याख्यानाचं नाव मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, ‘अमेरिकेतील जॅझ युग’. पेंटरने जन्मात जॅझ ऐकलेला नव्हता. मास्तर घाईत चुकले असतील असं समजून त्या भल्या माणसाने माझं शुद्धलेखन सुधारलं आणि भिवंडीच्या एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर फलक लावला, ‘अमेरिकेतील झांज युग’. तीन दिवस तो तिथे होता. मी तेवढे तीन दिवस सर्दीने अंथरुणात, त्यामुळे मला पत्ताच नाही. व्याख्यानाला येऊन बघतो तर नेहमीची दहा टाळकी मागे सरकलेली आणि पहिल्या रांगेत वडप्याचं भजनी मंडळ. पाच जण, आंघोळी करून, कपाळाला बुक्का लावून, आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेल्या झांजा. मधोमध तू. अमेरिकेत झांज कशी पोचली, ते ऐकायला आला होतात.

मी सांगायला हवं होतं की घोटाळा झालाय. सांगितलं नाही. पहिल्या रांगेत माणसं बसलीत, याचाच मला आनंद झाला होता.

दीड तास बोललो. पहिलं महायुद्ध संपलं, पोरं घरी आली आणि जुनं घर त्यांना पुरेना, तिथपासून सुरुवात केली. दक्षिणेतली काळी माणसं कापसाची शेतं सोडून उत्तरेच्या शहरांत कारखान्यांकडे निघाली आणि जाताना गाणं बरोबर घेऊन गेली, असं सांगितलं तेव्हा तू मान वर केलीस. “कापसाच्या शेतातली? मंजी आपल्याच धंद्यातली मानसं,” असं शेजाऱ्याला म्हणालास. दारूबंदीचा कायदा झाला आणि त्यानंतर लोक पूर्वीपेक्षा जास्तच प्यायला लागले, हे सांगितल्यावर तू मोठ्यानेच बोललास, “वडप्यातला कुनी गेलता का तिकडं शिकवाया?” सगळा हॉल हसला. आपल्याकडे दारूबंदी सैल होऊनही फार दिवस झाले नव्हते, आणि ओढ्याकाठच्या भट्ट्या कुणाला ठाऊक नव्हत्या?

मग मी चित्र फिरवलं. रद्दीवाल्या चाचांकडून मिळालेल्या जुन्या अमेरिकन मासिकाचं पान होतं ते, मानेपर्यंत केस कापलेल्या सहा पोरी मोटारीच्या पायरीवर बसलेल्या. माझी मुलगी नीला ते हातोहात पुढे देत होती. बायकांच्या बाकावरून एक आजीबाई कळवळून म्हणाल्या, “अगं बाई, सगळ्यांना एकदम मुदतीचा ताप आला होता का?” आपल्याकडे पोरीचे केस कापतात ते टायफॉइडमधून उठल्यावरच. मी हसलो. मी सांगितलं की या मुलींनी केस आपल्या मनाने कापले, कारण त्या आता टाइपरायटरवर बसत होत्या, दुकानात उभ्या राहत होत्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून सगळ्या शहराला बोलतं करत होत्या. “मित्रहो, कात्रीच्या एका आवाजात एक शतक मागे पडलं,” असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही.

प्रश्नोत्तरांत तू उभा राहिलास. “मास्तर, पोरींनी केस कापले, नोकरीला गेल्या, नाचाया गेल्या, यो सगला आयकला. पन त्यांच्या बापाचा काय झाला?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“मंजी, पोर गेली त्या दिशी तो घरी काय करत व्हता? जेवला का? शेजारी काय बोलले, त्यानं काय सांगितला? कुनी इचारला असंल ना त्याला.”

मी समाजपरिवर्तन, पिढ्यांमधला संघर्ष, असं काहीबाही बोललो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “तुमाला ठावं न्हाय.” वर “चालंल, सापडला की सांगा,” असंही म्हणालास.

बाकीचे चौघे झांजा काखेत मारून गेले. तू थांबलास, कारण टेबलावर किल्लीचा ग्रामोफोन होता आणि त्याच रद्दीतल्या तीन तबकड्या. मी एक लावली. तू डोळे मिटलेस, मान तिरकी केलीस. नंतर कळलं की कारखान्यात तू असाच उभा राहायचास. चाळीस लूम एकदम खडखडत असताना नुसत्या कानाने सांगायचास की तिसऱ्या लाइनीतल्या पाचव्याचा धोटा अडखळतोय. त्या दिवशी अर्ध्या मिनिटात तुझं निदान झालं. “बिघडलाय. टायमिंग गेलाय याचा. ठोका पडाया पायजे तिथं पडत न्हाय.”

मी म्हटलं, तसंच असतं ते.

तू पुन्हा लावायला लावलंस. तिसऱ्यांदा तू टेबलावर बोटांनी धरून ठेवलास आपला सरळ ठोका, आणि तबकडीतला तो वाजवणारा त्याच्या आजूबाजूने पळत राहिला. एकदम तुझं तोंड उघडलं. “आयला, मुद्दाम करतंय! चुकत न्हाय हो मास्तर, चुकल्यासारखा दावतंय. त्याला सरल ठोका पक्का ठावं हाय, म्हनून त्याच्या भवती नाचतंय.”

जॅझबद्दल मी इंग्रजीत पुष्कळ वाचलं होतं. ते सगळं वाचून मला जे कळलं नव्हतं ते तू कानाने सांगितलंस. मला आनंद झाला, आणि थोडा मत्सरही वाटला. आता कबूल करायला हरकत नाही.

त्यानंतर तुझे शनिवार सुरू झाले. पहिली शिफ्ट सुटली की हातपाय धुऊन तू वाचनालयात, आणि कधीच प्रश्नाशिवाय नाही. ती कापसातली माणसं शहरात आली तेव्हा राहिली कुठे, एका खोलीत कितीजण? आपल्या लूमवर यूपीकडचे भय्ये पाळीपाळीने एकाच खाटेवर झोपतात, तसं होतं का? त्यांना घर भाड्याने द्यायला लोक तयार असायचे? (नसायचे, मी म्हटलं. “न्हायच देनार,” तू म्हणालास.) गोरे लोक त्यांचं गाणं ऐकायला जात होते, मग गाणाऱ्याला शेजारी बसवून जेवायला घालत होते का? याही प्रश्नाचं उत्तर तुला माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. आणि दर दोन-तीन शनिवारांनी तो पहिला, “बापाचा काय गावला का?”

दोन वर्षं तू मला ‘तुमी’ म्हणत राहिलास आणि मी तुला पहिल्या दिवसापासून ‘तू’. आपण बहुतेक एकाच वयाचे. मला ते कधी खटकलंही नाही. समता मला व्याख्यानातच सुचते, असं दिसतं.

आता नीलाचं सांगतो. तुला ते ठाऊक आहे, पण मी ज्या रीतीने तुला सांगितलं होतं त्यात लबाडी होती, म्हणून पुन्हा.

कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची निवड झाली. मला न सांगता तिने अर्ज केला होता. पत्र आलं ते तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “बाबा, महिन्याच्या आत हजर व्हायचंय. तुम्ही हो म्हणाल तरच जाईन.” मी चष्मा पुसत बसलो. काही आठवड्यांनी संध्याकाळची ड्युटी लागणार होती, आठपर्यंत. मग एसटी, मग स्टँडपासून घरापर्यंत लूमच्या गल्ल्या. लोक काय म्हणतील, हे मी मोठ्याने म्हटलं नाही, मी सुशिक्षित माणूस. मी म्हटलं, “बघू.” रोज ती पत्र त्याच जागी ठेवायची आणि मी रोज त्यावर पेपर ठेवायचो. तिच्या आईचं मत मी विचारलंही नाही.

तुला मात्र मी सांगितलं की नीलाचंच मन होत नाहीये.

तुझे गुडघे धरले होते, म्हणून एका रविवारी आपण वज्रेश्वरीला गेलो. गरम कुंडात पाय सोडून बसलो होतो. आजूबाजूला माणसं अंग शेकत होती आणि तू पाण्याकडे बघत म्हणालास, “नीलाताय मना भेटली व्हती बाजारात. तिचा मन हाय, मास्तर.”

मला राग आला. खोटं उघडं पडलं की माणसाला खरं बोलणाऱ्याचाच राग येतो. मी म्हटलं, “हे बघ, भाषणात बोलणं सोपं असतं. अमेरिकेची गोष्ट वेगळी.”

“येगली हाय तं आमाला कशापायी सांगितली?”

मी पाण्यातला एक पाय वर काढला आणि पुन्हा सोडला.

“तिकडच्या पोरींनी फोन धरला तवा तुमी टाल्या घेतल्या. तुमच्या पोरीनं पन त्याच दिशी आयकला ना? ती काय भिताडामागं बसली व्हती?” तू हसत होतास रे. तू भांडत नव्हतास, मला बाहेर यायला दार उघडून देत होतास. “मी दोन वर्सं इचारतोय बापाचा काय झाला. आता तुमीच सांगा की, सोता बघून.”

आणि मी म्हणालो, “तुला काय कळतंय यातलं? चौथी नापास माणूस तू.”

शेजारी शेकत बसलेल्या एका म्हाताऱ्यानेही मान वळवून पाहिलं. तू पाय वर घेतलेस, पंच्याने कोरडे केलेस, एकेक बोट. “पास झालतो,” एवढंच म्हणालास. “पाचवीत न्हाय गेलो.” परतीच्या गाडीत तू पुढे बसलास, मी मागे. वडप्याला तू उतरलास तेव्हा माझ्या खिडकीकडे बघून हात केलास. मी केला नाही. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं, आणि तो पेपर सकाळीच वाचून झाला होता.

शनिवारी माफी मागायची, असं मी सोमवारी ठरवलं. माफी मागायलासुद्धा मला वेळापत्रक लागतं. गुरुवारी दुपारी कारखान्यात पाण्याचा तांब्या हातात घेऊन तू भिंतीला टेकून बसलास, तो उठला नाहीस. आठवीच्या वर्गात मला निरोप आला.

तुमच्या मालकाने कारखाना बंद केला होता. गल्लीतले बाकीचे सगळे खडखडत होते आणि तेवढ्या एका दारातून आवाज नव्हता. मी बाहेर उभा राहिलो. आत तुझे लोक होते, हिंदीत, उर्दूत, मराठीत हळू बोलत होते. मला आत जायचा धीर झाला नाही.

दहाव्याला मी वडप्याला आलो. नीलाही आली. तुझी बायको ताराबाई माझ्याशी कसं बोलेल, याची मला धास्ती होती. वज्रेश्वरीचं तू घरी सांगितलं असशीलच, असं मी धरून चाललो होतो. पिंड ठेवला. कावळा शिवेना. तुझ्या भावाने हात जोडून शेताचं बघू म्हटलं, पोरांचं बघू म्हटलं. कावळा बाभळीवर बसून इकडेतिकडे बघत राहिला. मला या गोष्टींवर विश्वास नाही, वर्गात मी तसं शिकवतो. तरी मी पुढे झालो आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, “बाळाराम, माझं चुकलं.” कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तू एवढ्या स्वस्तात सोडणारा नव्हतासच.

जेवणं झाल्यावर ताराबाईने पदराच्या गाठीतून बिडीच्या बंडलाचा एक कागद काढला आणि नीलाच्या हातात दिला. “ताय, यो तुजा हाय. सोमवारी त्ये स्टँडावर गेलते इचाराया. मास्तरांना शनवारी देतो बोलले.”

सोमवारी म्हणजे वज्रेश्वरीच्या दुसऱ्या दिवशी. मी घरात बसून माफीचा मुहूर्त काढत होतो तेव्हा तू गुडघे घेऊन स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर उभा होतास. कागदाच्या मागे पेन्सिलीने तुझं अक्षर, मोठं, गोल, चौथी पास. कल्याणला जाणाऱ्या गाड्या. कल्याणहून येणाऱ्या गाड्या. संध्याकाळच्या एकीखाली रेघ मारलेली आणि पुढे लिहिलेलं, ‘हिचा कंडक्टर आपला वडप्याचा. सांगून ठेवलाय.’ त्याखाली, ‘स्टँडावरून घरी मास्तर नेतील.’

नेतील का, असं विचारलेलं नव्हतं.

मी ताराबाईला म्हटलं, “त्या दिवशी मी त्याला फार वाईट बोललो.” ती म्हणाली, “मना न्हाय बोलले काय. मास्तरांचा पेपर वाचायचा ऱ्हायला व्हता, एवढाच बोलले, आनि हसले.” तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. तुझ्या अंगणात, तुझ्या नातेवाइकांसमोर, रुमालसुद्धा न काढता रडलो. नीला माझ्याजवळ आली नाही, लांब उभी राहून बघत होती. तिला अजून तिचं उत्तर मिळालं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, “सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “कुठवर?”

“कल्याणपर्यंत.”

“स्टँडपर्यंत या,” ती म्हणाली.

स्टँडपर्यंत गेलो. गाडी सुटली आणि मी घरी आलो, शाळेत रजा टाकली होती. घरी आल्यावर काय करायचं ते कळेना. कपाट आवरलं. दुपारी जेवलो नाही, भूक नाही म्हणालो. शेजारचे नाना दारातून डोकावून म्हणाले, “काय मास्तर, मुलगी नोकरीला लावलीत म्हणे?” मी म्हटलं, “लावली नाही, लागली.” हे आरशासमोर म्हणून पाहिलेलं वाक्य नव्हतं. हे सगळं मी शनिवारी तुला बारीकसारीक सांगितलं असतं, आणि तू आणखी दहा गोष्टी विचारल्या असत्यास. आता मी ते बोलतो आणि समोरून कुणी पुढचं विचारत नाही. तुझ्या जाण्याचं सगळ्यात जास्त मला हेच जाणवतं. उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. मंडळात तर जो तो उत्तर घेऊनच येतो.

सहा आठवडे एक्स्चेंजमध्ये तिला शिकवलं आणि मग स्विचबोर्डावर बसवलं. संध्याकाळी मी स्टँडवर असतो. तुझा कंडक्टर मला बघून घंटी मारतो. ती उतरते, आम्ही चालत येतो, ती दमलेली असते आणि फारसं बोलत नाही. मीही विचारत नाही. मला नीट विचारता येत नाही, ते तुझं काम होतं.

काल शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. कल्याणच्या एका पुस्तकवाल्याला फोन करायचाय, असं निमित्त सांगितलं. नंबर कागदावर लिहून नेला होता. भिवंडी एक्स्चेंजच्या बाईंनी कल्याणला जोडून दिलं. थोडी खरखर झाली आणि आवाज आला, “कल्याण. नंबर प्लीज.”

नीला होती. पण घरातली नीला नव्हती. तिच्या आवाजाला धार होती, घाई होती, आणि समोर कुणीही असलं तरी तिला फरक पडत नव्हता. माझ्या हातातला कागद मला दिसेना.

“नंबर प्लीज. बोला, लाइन चालू आहे.”

मी तोंड उघडलं आणि तुझं नाव आलं. “बाळाराम,” मी म्हणालो.

“नावाने नाही मिळत, नंबर सांगा,” ती म्हणाली. मग अगदी हळू, “बाबा?”

“हो.”

“बाबा, मी ड्युटीवर आहे. चार लाइनी लागल्यात.” आणि खट् आवाज आला.

मी रिसीव्हर कानाशी धरून तसाच उभा. माझ्या मुलीने मला कट केलं, बाळाराम. हेडमास्तर टेबलापलीकडून विचारत होते, “काय मास्तर, लागला का?”

मी म्हटलं, “लागला.”